वरणगाव ते हजिरा : कॅलिबरचा हिशोब

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरतेजवळच्या हजिऱ्यात, लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यातून शंभरावी 'के-९ वज्र' तोफ लष्कराकडे रवाना झाली. २०१७ साली सुमारे साडेचार हजार कोटींचा करार झाला होता, त्यातली ही शेवटची तोफ. तिला हिरवा झेंडा दाखवला तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज मुकुंद नरवणे यांनी. दक्षिण कोरियाच्या कंपनीचे मूळ तंत्रज्ञान, १३ हजारांहून अधिक प्रकारचे सुटे भाग, ते पुरवणाऱ्या गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या शेकडो लहानमोठ्या कंपन्या आणि जुळणी तापीच्या मुखाशी. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने आणखी शंभर वज्र तोफांसाठी सुमारे ७,६२९ कोटींचा दुसरा करार केला.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा हा सुरतेचा मराठी पट्टा. यंत्रमागावर आणि साड्यांच्या कारखान्यांत काम करायला जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कारगिलमुळे बोफोर्सचे नाव घरोघरी पोचलेले, आणि वज्र तर आता गावातलीच. त्यामुळे तोफांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बोफोर्स भारी का वज्र?" त्यावर कुणीतरी सांगतो, दोन्ही १५५ मिलिमीटरच्याच, मग फरक काय? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे नीट उत्तर शोधायला लागले की तोफेपासून बंदुकीपर्यंतचे सगळे गणित उलगडावे लागते.

एक गोष्ट आधीच सांगतो. कॅलिबर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास. तो आकडा मोठा म्हणून हत्यार मोठे, असे आपण धरून चालतो. पण एवढ्या आकड्यावरून ताकद कळत नाही. मागे जळणारी दारू किती, नळी लांब किती, पुढे जाणारा गोळा कसा, हत्यार जागेवर पोचते का आणि चालवणाऱ्याच्या हाताशी किती गोळे आहेत, या पाच गोष्टींवर ताकद ठरते. या लेखात हाच हिशोब मांडायचा आहे.

एका नदीची दोन टोके

हा हिशोब तापीकाठीच मांडता येतो. सुरतेहून भुसावळकडे जाणारा शतकाहून जुना ताप्ती व्हॅली लोहमार्ग बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत खानदेशात शिरतो. भुसावळच्या थोडे पुढे, हतनूर धरणापासून जवळच, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. १९६२ च्या चिनी युद्धानंतर, १९६४ साली ती उभी राहिली. तिथे रायफलींची काडतुसे तयार होतात. म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला चार ग्रॅमची गोळी बनते आणि मुखाशी ४३ किलोचा गोळा फेकणारी तोफ बनते. दोन्हींमागचे शास्त्र मात्र एकच.

गोळीची ऊर्जा काढण्याचे सूत्र शाळेतलेच आहे : वस्तुमानाचा निम्मा भाग गुणिले वेगाचा वर्ग. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. इन्सास रायफलीची ५.५६ मिमीची गोळी जेमतेम ४ ग्रॅमची, पण नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या वेगाने सुटते. तिची ऊर्जा भरते १,६५० ज्यूलच्या आसपास. जुन्या एसएलआरची ७.६२ मिमीची गोळी साडेनऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८३० मीटरच्या घरात, ऊर्जा सुमारे ३,३०० ज्यूल. व्यासात दोन मिलिमीटरचा फरक, ऊर्जेत दुपटीचा.

आता एके-४७ घ्या. तिचेही कॅलिबर ७.६२ मिमीच. पण तिचे काडतूस आखूड, पुंगळीची लांबी ३९ मिमी, तर एसएलआरची ५१ मिमी. आखूड पुंगळीत दारू कमी मावते. त्यामुळे आठ ग्रॅमच्या आतली गोळी सेकंदाला ७१५ मीटरच्या वेगाने निघते आणि ऊर्जा भरते २,००० ज्यूलच्या जवळपास. दोन्ही रायफलींवर आकडा एकच, तरी ताकदीत दीडपटीहून जास्त तफावत. 'सेव्हन सिक्स टू' एवढेच ऐकून मत बनवणाऱ्याची इथेच फसगत होते.

मग लष्कराने ताकदवान ७.६२ सोडून ५.५६ का घेतली होती? उत्तर पाठीवरच्या ओझ्यात आहे. ५.५६ चे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे, ७.६२×५१ चे जवळजवळ दुप्पट. तेवढेच वजन पेलून जवान दुप्पट गोळ्या नेऊ शकतो, धक्का कमी बसतो, नेम लवकर परत साधतो. पुढे अनुभव वेगळा आला. सीमेवर आणि दहशतवादविरोधी कारवायांत एका गोळीत काम व्हावे अशी मागणी झाली. म्हणून २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला, ७.६२×५१ च्या. अमेठीजवळ कोरव्यात होणारी एके-२०३ मात्र ७.६२×३९ ची. एकाच सैन्यात तीन काडतुसे, कारण कामे वेगळी.

ऊर्जेच्या आकड्यापुढची गोष्ट मुंबईने फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपल्या पोलिसांच्या हाती .३०३ रायफली होत्या. .३०३ ची गोळी अकरा ग्रॅमहून जड, ऊर्जा ३,००० ज्यूलच्या वर, म्हणजे समोरच्या एके-४७ च्या दीडपट. कागदावर .३०३ सरस. पण तिचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे ओढावा लागतो, आणि समोरच्याच्या मॅगझिनमध्ये तीस गोळ्या सलग सुटायला तयार. त्या रात्री हिशोब ज्यूलचा राहिला नाही. पुढे गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली आणि अंगावर गोळ्या झेलल्या. कोणत्याही तक्त्यात न बसणारी ही ताकद आहे. पण अशी ताकद दाखवण्याची वेळ आपल्या माणसांवर यावी, ही व्यवस्थेची हार होती, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

आठ मीटरची नळी

आता हजिऱ्याकडे. बोफोर्स आणि वज्र, दोन्हींचा व्यास १५५ मिमी. हे माप मूळ फ्रेंचांचे, एकोणिसाव्या शतकातले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने ते उचलले आणि पुढे ते पाश्चात्त्य सैन्यांचे प्रमाण झाले. तोफेच्या नावात मात्र आणखी एक आकडा असतो. बोफोर्स १५५/३९, वज्र १५५/५२. हा दुसरा आकडा नळीची लांबी सांगतो : व्यासाच्या ३९ पट किंवा ५२ पट. गुणाकार केला की बोफोर्सची नळी सहा मीटरच्या थोडी वर जाते, वज्रची आठ मीटरच्या. जबलपूरची 'धनुष' १५५/४५, म्हणजे सात मीटर.

या दोन मीटरने काय साधते ते समजायला तोफ उडतानाचे क्षण जवळून पाहिले पाहिजेत. वज्रमध्ये पाच जण असतात : कमांडर, गनर, दोन लोडर आणि चालक. गोळा यंत्राने ब्रीचसमोर, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी येतो. ४३ किलोचा पोलादी गोळा, टोकाला फ्यूज, बुडाजवळ तांबूस धातूचे कडे. रॅमर तो जोराने आत ठोसतो, तेव्हा हे मऊ कडे नळीतल्या पेचदार खाचांत रुतून बसते. त्यामागून लोडर हाताने चार्ज ठेवतो. जवळ मारायचे तर कमी, लांब मारायचे तर जास्त, असे दारूचे डबे एकामागे एक. ब्रीच बंद होते. ठिणगी पडते. बंद जागेत दाब तीन हजार वातावरणांच्या पलीकडे जातो आणि गोळा पुढे सरकतो. कडे खाचांतून फिरत जाते, मागचा वायू पुढे निसटू देत नाही आणि गोळ्याला गिरकी देते. साधारण तीन मीटरला एक फेरा या हिशोबाने बाहेर पडताना गोळा सेकंदाला तीनशे गिरक्या घेत असतो. या गिरकीमुळेच तो हवेत न कोलमडता टोक पुढे ठेवून जातो. हे सगळे पापणी लवायच्या आत घडते.

गोळा नळीत असेपर्यंतच वायू त्याला ढकलू शकतो. नळी लांब, तर ढकलण्याला वाव जास्त. शिवाय ५२ कॅलिबरच्या तोफेत दारू जळण्याची जागाही मोठी असते, २३ लिटरची. ३९ कॅलिबरच्या तोफांत ती १८-१९ लिटरच्या आसपास. म्हणून ३९ कॅलिबरची तोफ गोळ्याला सेकंदाला सुमारे ८२५ मीटरचा वेग देते, ५२ ची साधारण ९४५ मीटरचा. फरक चौदा-पंधरा टक्क्यांचाच वाटतो, पण वर्ग केला की ऊर्जा तीस टक्क्यांनी वाढते : १५ मेगाज्यूलच्या जागी १९ च्या वर. इन्सासच्या अकरा हजारांहून अधिक गोळ्यांची ऊर्जा या एका गोळ्यात असते. एसएलआर आणि एके-४७ मध्ये जे घडले तेच इथे : व्यास तोच, मागची दारू आणि पुढची नळी वेगळी, म्हणून ताकद वेगळी.

तेव्हा "बोफोर्स भारी का वज्र?" याचे साधे उत्तर असे : साधा गोळा बोफोर्स २४ किलोमीटरच्या आसपास टाकते, वज्र तिशीपर्यंत, आणि खास गोळ्याने चाळिशीच्या जवळ.

हवेचा वाटा

हवा नसती तर ९४५ मीटर वेगाचा गोळा ९० किलोमीटर गेला असता. प्रत्यक्षात तो तीस जातो. बाकीचे अंतर हवा खाते. उडत्या गोळ्याच्या बुडामागे पोकळी तयार होते आणि ती त्याला मागे ओढते. यावर तोडगा म्हणून काही गोळ्यांच्या बुडात सावकाश जळणारे मिश्रण भरतात. त्याचा वायू ती पोकळी भरून काढतो आणि पल्ला पाव-एक भागाने वाढतो. याला बेस ब्लीड म्हणतात. तोफ तीच, कॅलिबर तेच, गोळ्याचे बूड बदलले की पल्ला बदलतो.

हवेच्या याच नियमाने कारगिलमध्ये आपल्याला हात दिला. १९९९ च्या उन्हाळ्यात द्रासच्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे बोफोर्सचा गोळा सपाटीपेक्षा लांब जात होता. नळी खूप वर उचलता येत असल्याने डोंगरामागच्या उतारावरही मारा होत होता. आणि तोलोलिंग, टायगर हिलसमोर तर गनर्सनी तोफा थेट शिखराकडे रोखून मारा केला. त्या युद्धात तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. तोफखान्याच्या या कामगिरीची आठवण म्हणून द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराला २०२२ मध्ये 'गन हिल' असे नाव देण्यात आले.

त्याच बोफोर्सच्या ४१० तोफांचा करार मार्च १९८६ मध्ये झाला होता, आणि पुढच्या वर्षी लाचखोरीचे प्रकरण बाहेर आले. त्यानंतर तोफखरेदीला जी खीळ बसली ती थेट ९ नोव्हेंबर २०१८ पर्यंत. त्या दिवशी नाशिकजवळच्या देवळालीत, तोफखान्याच्या शाळेच्या गावी, वज्र आणि अमेरिकी एम-७७७ या तोफा सैन्यात दाखल झाल्या. तीस वर्षे आपण कॅलिबरवर बोलत राहिलो, तोफ मात्र आली नाही.

किती मोठे पुरे?

व्यास वाढवल्याने काय मिळते याचा चोख हिशोब 'शारंग' तोफेत दिसतो. रशियाकडून घेतलेली १३० मिमीची जुनी एम-४६ तोफ २७ किलोमीटर मारा करायची. तिचीच नळी बदलून १५५/४५ केली, तीच शारंग. पल्ला ३६ किलोमीटरच्या पुढे गेला, आणि गोळ्यातले स्फोटक साडेतीन किलोच्या आसपास होते ते आठ किलोपर्यंत पोचले. व्यास वाढला फक्त १९ टक्के, स्फोटक झाले दुपटीहून जास्त. गोळा रुंदी, जाडी आणि लांबी अशा तिन्ही बाजूंनी वाढतो, म्हणून व्यासातला थोडा फरकही वजनात मोठा होऊन उतरतो. १०५ मिमीच्या इंडियन फील्ड गनचा गोळा आणि १५५ चा गोळा यांच्या वजनात जवळजवळ तिपटीचा फरक पडतो तो यामुळेच.

मग सगळीकडे मोठेच का घेऊ नये? याचे उत्तर पुन्हा हजिऱ्यातच मिळते. जुलै २०२४ मध्ये याच कारखान्यात डीआरडीओ आणि एल अँड टीने 'जोरावर' हा हलका रणगाडा दाखवला. त्याची तोफ १०५ मिमीची. आपल्या टी-७२ आणि टी-९० वर १२५ मिमीची तोफ असताना नव्या रणगाड्याला लहान तोफ दिली, ती विचारपूर्वक. २०२० मध्ये चिनी सैन्याशी गलवानमध्ये झालेल्या चकमकीनंतर चाळीस टनांहून जड रणगाडे लडाखच्या उंचीवर नेताना काय कष्ट पडले ते सैन्याने अनुभवले. जोरावर २५ टनांच्या घरात ठेवायचा, तर १२५ मिमीचा धक्का आणि वजन परवडणारे नव्हते. वज्रचे वजन पन्नास टनांच्या जवळ, तिला १००० अश्वशक्तीचे इंजिन लागते. वाळवंटासाठी घेतलेल्या वज्र पुढे लडाखलाही गेल्याच. त्याच वेळी १५५/३९ ची एम-७७७ टायटॅनियममुळे फक्त सव्वाचार टनांची, हेलिकॉप्टरला लटकवून डोंगरावर नेता येते. पल्ल्यात ती वज्रपेक्षा कमी, पण जिथे वज्र चढू शकत नाही तिथे तीच मोठी. जागेवर न पोचलेल्या तोफेची ताकद शून्य.

सुरतेच्या इतिहासातही हेच दिसते. हजिऱ्याला लागून असलेल्या सुवाळीच्या किनाऱ्यासमोर नोव्हेंबर १६१२ मध्ये कॅप्टन थॉमस बेस्टच्या दोन इंग्रज जहाजांनी संख्येने जास्त असलेल्या पोर्तुगीज आरमाराला हटवले. चपळ हालचाल आणि तोफा चालवण्यातले कसब त्यांच्या कामी आले. पुढे जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा सुभेदार इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात दडून बसला. किल्ल्यावर तोफा होत्या, दारूगोळा होता. त्या शहरावरच डागल्या गेल्या आणि मराठ्यांपेक्षा सुरतेच्या घरांचे नुकसान जास्त झाले. महाराजांकडे किल्ला फोडण्याजोगा तोफखाना नव्हता, त्यांना त्याची गरजही नव्हती. घोडदळ हवे तिथे वेळेत पोचले होते आणि किल्ल्यातल्या तोफा आपल्या शहराला वाचवू शकल्या नाहीत.

गोळा कुठून येतो

तोफ सुरतेची असली तरी तिला लागणारा दारूगोळा मुख्यतः महाराष्ट्रातून येतो, आणि याचा उल्लेख फार कमी होतो. गोळ्याचे पोलादी कवच नागपूरच्या अंबाझरीत घडते. त्यात स्फोटक भरण्याचे काम चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळच्या फॅक्टरीत होते. तोफांची दारू आणि स्फोटके भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला तयार होतात. खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ चा. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या प्रयोगशाळेने १५५/५२ ची 'अटॅग्ज' तोफ विकसित केली. तिची दारू जळण्याची जागा २५ लिटरची, आणि २०१७ च्या चाचणीत तिने ४८ किलोमीटर गाठले. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला, त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे आहे.

पण तोफा वाढल्या म्हणून ताकद वाढली असे समजायचे नाही. जुलै २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने हा मुद्दा उघड केला. तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. मोठ्या कॅलिबरच्या दारूगोळ्यातला ८३ टक्के साठा तर फ्यूज नसल्याने वापरण्याजोगा नव्हता. तळहातावर मावणारा एक फ्यूज नसेल तर ४३ किलोचे पोलाद आणि आठ मीटरची नळी निरुपयोगी ठरते. त्यानंतर पुरवठा सुधारण्याचे प्रयत्न झाले, पण हा आकडा विसरण्याजोगा नाही. २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धाने हीच गोष्ट सगळ्या जगाला दाखवली. अमेरिकेसारख्या देशाची १५५ मिमी गोळ्यांची निर्मिती तेव्हा महिन्याला सुमारे १४ हजार होती आणि आघाडीवर तेवढे गोळे काही दिवसांत संपत होते.

या हिशोबाची आणखी एक बाजू आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगारांचा जीव गेला. तोफेच्या ताकदीच्या तक्त्यात त्यांचा रकाना नसतो. वास्तविक आपण ज्याला मेगाज्यूल म्हणतो ते आधी या माणसांच्या हातून जाते. सीमेवरचा जवान एका बाजूने दारूचा सामना करतो, जवाहरनगरचा आणि भद्रावतीचा कामगार दुसऱ्या बाजूने. पहिल्याला आपण सलाम करतो. दुसऱ्याचे नाव स्फोट झाल्यावरच वर्तमानपत्रात येते.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. नव्या तोफेची, नव्या रायफलीची बातमी वाचाल तेव्हा कॅलिबरच्या आकड्याने दिपून जाऊ नका. अभिमान जरूर बाळगा, हजिरा आणि वरणगावच्या कामगारांनी तो कमावला आहे. पण आपल्या खासदाराला, आमदाराला तीन प्रश्न नक्की विचारा : या तोफेसाठी किती दिवसांचे गोळे साठ्यात आहेत? त्यांना फ्यूज आहेत का? आणि ते गोळे भरणारा कामगार संध्याकाळी सुखरूप घरी पोचतो का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर १०५ पुरेसे आहे. नसतील तर १५५ सुद्धा कमीच पडेल.